चार चाकं, एक बूड आणि भिवंडीचं पॅकिंग

ठाण्याहून पडघ्याला जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. लोक सकाळी जातात, गोदामातलं काम उरकतात आणि जेवायला घरी परततात. आम्हाला दोन दिवस लागले, म्हणून हा वृत्तांत. जे हा रस्ता तासाभरात कापतात त्यांनी तो पाहिलेलाच नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पष्ट मतं असणं ही आमच्या घराची जुनी खोड.

माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. इतर मुलं बडबडगीतांवर वाढली, मी पत्रकांवर. घरात रद्दी नव्हती, उरलेल्या प्रती होत्या. माझं नाव क्रांती ठेवलं गेलं यात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. आता मी स्वतः पत्रकं लिहिते. सध्याच्या पत्रकाचा मथळा आहे : 'चार चाकं, एकच बूड! हा कसला न्याय?' विषय उघड आहे. एक माणूस एवढी मोठी पत्र्याची खोली घेऊन सार्वजनिक रस्त्यावर हिंडतो आणि बसमधले साठ लोक त्याच्यामागे खोळंबतात. हे सहन करणार नाही, असं त्यात शेवटी ठळक अक्षरांत म्हटलं आहे.

तरीही मी पडघ्याला निघाले ती खासगी गाडीतूनच. पण त्याला तात्त्विक आधार होता. ही गाडी कायमची रस्त्यावरून उठणार होती.

गाडी माझ्या कुसुमआत्याची. आत्या ठाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे; मी तिच्याकडेच राहते. गाडी म्हणजे जुनी, गोल पाठीची, मागे इंजीन असलेली बीटल. तिच्या आवाजावरून घरात तिला भुंगा म्हणतात. भुंग्याला रेडिएटर नाही, पाणी लागत नाही. त्याचं इंजीन वाऱ्यावर आणि तेलावर थंड होतं. त्यामुळे तेल जुनं झालं की ते बदलायचं आणि तळातली जाळी काढून धुवायची, हा नेम आत्याने आयुष्यभर सणवारांपेक्षा कडक पाळला. पण आता तिचे गुडघे तिला गाडीखाली जाऊ देत नाहीत. तिचा ठाण्यातला मिस्त्री दुकान बंद करून गावी गेला. सोसायटीने पार्किंगमधल्या तेलाच्या डागांबद्दल फळ्यावर सूचना लिहिली, तीही नाव घालून.

अशात पडघ्याचे दत्तूशेठ भेटले. जमीनमालक, गोदामवाले, आता हायवेवर नवा ढाबा बांधणारे. त्यांना भुंगा ढाब्याच्या गच्चीवर चढवायचा होता, लांबून दिसावा म्हणून. आत्याने बरेच दिवस घेतले. मग म्हणाली, "इथे उभी राहून गंजण्यापेक्षा वर बरी. निदान लोक बघतील." तिने एकच अट घातली : दर रविवारी इंजीन सुरू करायचं. शेठ हो म्हणाले. आत्याने गाडी स्वतः चालवत आणून द्यायचा शब्द दिला.

"पण त्याआधी ऑइल बदलायचं," आत्या म्हणाली.

"गच्चीवर जायला?"

"मुलगी सासरी पाठवताना न्हाऊ घालून पाठवतात. का, म्हणून कोणी विचारतं का?"

गावी गेलेल्या मिस्त्रीने एक नाव सांगून ठेवलं होतं : भिवंडीत, निजामपुऱ्यात, सलीमभाई. आम्ही गुरुवारी सकाळी निघालो. भुंग्याचं इंजीन मागे असल्याने पुढचं झाकण उघडलं की सामानाची जागा. तिथे मी पत्रकांची पिशवी ठेवली.

गुरुवार : खाडीपलीकडे

कशेळीच्या पुलावर खाडीचा वारा आत आला आणि आत्या एकदम पंचवीस वर्षांनी तरुण दिसू लागली. दोन्ही बाजूंना तिवरं, पाण्यात एक होडी, आणि पलीकडे गोदामांच्या निळ्या पत्र्यांची रांग, डोंगरापर्यंत. जगातली प्रत्येक वस्तू घरी पोहोचण्याआधी इथे मुक्काम करत असावी. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये भुंगा. कंटेनरचे ड्रायव्हर वरून वाकून बघत होते आणि हसत होते. मला त्याचा राग आला. मग राग का आला याचा राग आला.

गर्दीत अडकल्यावर मी उतरून पत्रकं वाटायला सुरुवात केली. इथे एक खुलासा आवश्यक आहे. वडिलांच्या जुन्या भागीदाराने ही पत्रकं मला छापून दिली ती लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर. जाड, दुधी, गुळगुळीत कागद, एका कडेला सोनेरी रेघ. त्यामुळे पहिल्या टेंपोवाल्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि विचारलं, "शादी किसकी है?"

"लग्न नाही. हे खासगी वाहनांविरुद्ध आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ज्यातून उतरले त्या भुंग्याकडे पाहिलं, आणि पत्रक परत केलं.

निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरलो आणि बोलणं संपलं. दोन्ही बाजूंना तळमजल्यावर कापड विणणाऱ्या लूम, सगळ्या एकदम चालू. तो आवाज कानात जात नाही, छातीत जातो. इथली माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात, आणि त्यात भांडण नसतं. "चहा घेणार का?" हेही इथे मोर्च्यातल्या घोषणेसारखं विचारलं जातं. मला हे गाव लगेच आवडलं.

सलीमभाई पन्नाशीचे, पोट भरदार, आवाज त्याहून भरदार. दुकानात लूमच्या मोटारी, टेंपोचे गिअर, एक शिलाई मशीन. भुंगा पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला.

"टीचर, टेन्शन नाय घ्यायचा! लूम, टेंपो, रोडरोलर, सब इस हाथ से गया है. ऑइल आणि फिल्टर ना? फिल्टर तर मी मागवून पण ठेवला!" त्यांनी एक चकचकीत नवा फिल्टर नाचवला.

"याला फिल्टर नसतो!" आत्या ओरडली.

"काय?"

"फिल्टर नसतो! जाळी असते!"

सलीमभाईंनी मायेने मान हलवली, म्हातारीला काय कळतं अशा अर्थाने, आणि मागचं झाकण उघडून फिल्टर कुठे बसतो ते शोधू लागले. वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, चाकापाशी आरसा धरून पाहिलं. मग तो फिल्टर त्यांनी हळूच शिलाई मशीनवर ठेवला. "जुनी कंपनी," ते म्हणाले. "विसरले असतील."

भुंग्याच्या पोटाखाली मध्यभागी एक गोल झाकण असतं, सहा छोट्या नटांनी बसवलेलं. ते उघडलं की जाळी हातात येते. जाळीच्या वर एक आणि खाली एक कागदी कडी असते, तेल गळू नये म्हणून. तिला भिवंडीत पॅकिंग म्हणतात. सलीमभाईंनी या नाजूक नटांसाठी जो पान्हा काढला त्याने पूल उकलता आला असता. आत्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या डब्यातला वीतभर पान्हा दिला.

आता खाली कोण जाणार? मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, तरी सलीमभाईंचं पोट आत जाईना. आत्याचे गुडघे वाकेनात. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

"मी तत्त्वतः," मी सुरुवात केली.

"तत्त्वतः पाठीवर झोप," आत्या म्हणाली, "आणि तोंड बंद ठेव. तेल पडतं."

मी गोणपाटावर पाठ टेकून आत सरकले. आत्या बाहेरून ओरडून सांगत होती, मी आतून ओरडून विचारत होते. झाकणाचा मधला, तेल सोडायचा बोल्ट शेवटच्या आट्यावर आला आणि काळं, कोमट तेल तसराळ्यात पडण्याआधी माझ्या मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत गेलं. ते इतकं मऊ आणि उबदार असेल असं मला वाटलं नव्हतं. आत्याने तसराळ्यात बोट बुडवून ते चिमटीत चोळलं. "चुरा नाही. आत सगळं ठीक आहे," ती म्हणाली. शेजारच्या घरातून तब्येतीची खबर यावी तसा तिचा चेहरा खुलला.

"गटार में छोड दो," सलीमभाई काळ्या तेलाकडे बोट दाखवून म्हणाले.

मी गाडीखालूनच भाषण केलं. गटार, खाडी, मासे, मासे खाणारी माणसं, सगळं आलं. मी बाहेर आले तेव्हा तेल जागेवर नव्हतं. समोरच्या लूमवाल्याने चाकांना लावायला ते केव्हाच उचलून नेलं होतं. "काळं तेल इथे कोण फेकतो, ताई?" सलीमभाई हसत सुटले. "मी बोललो, बघू पोरगी किती वेळ बोलते!"

मग मी खोक्यावर बसून घासलेटात जाळी घासू लागले. जुन्या टूथब्रशने, एकेक भोक. आत्या शेजारी येऊन बसली. लूम चालूच होत्या. ती माझ्या कानाशी ओरडली, "एवढी काय घासतेस? गच्चीवर तर जायचीय!"

"मळ आहे अजून!"

"तुला गाडी आवडत नाही ना? छापून वाटतेस ना सगळीकडे?"

मी दम घेतला आणि सगळ्या गल्लीच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडले, "मला ही गाडी खूप आवडते, झालं समाधान?"

नेमकी त्याच क्षणी लाईट गेली.

सगळ्या लूम एकदम थांबल्या. माझं वाक्य एकटंच गल्लीत उभं राहिलं. वरच्या गॅलरीतून दोन बायका वाकल्या. चहावाल्याने माझ्या पत्रकावर ठेवलेला ग्लास उचलला, मथळा पाहिला, पुन्हा ग्लास ठेवला. आत्या माझ्या हातातली जाळी घेऊन उजेडाकडे धरून पाहू लागली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

जाळी स्वच्छ झाली, पण खरा घोटाळा पुढेच होता. काढताना जुन्या पॅकिंगचे तुकडे झाले होते आणि आत्याच्या डब्यात नवीन शिल्लक नव्हतं. तांब्याचे वॉशर होते, पॅकिंग नव्हतं. भिवंडीत ते मिळेना. "पॅकिंग कोण विकत आणतो?" सलीमभाई म्हणाले. या गावात म्हणे पॅकिंग घरी कापतात, जशी आपल्याकडे करंजी. त्यांनी सुताच्या कोनांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन दोन कड्या कापल्या. मी आत जाऊन बसवल्या. नवं तेल ओतलं, इंजीन सुरू केलं. भुंगा गुणगुणला आणि खालून तेल ठिबकू लागलं. पुठ्ठा आतून नळ्यानळ्यांचा असतो, तेल त्यातूनच वाट काढत होतं. पुन्हा सगळं तेल काढा. पुन्हा बाही, पुन्हा काख.

मुक्काम सलीमभाईंच्या घरी, दुकानाच्या वर. त्यांच्या पत्नीने, रुखसानाभाभींनी, विचारलंच नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी "जेवणार का?" असं विचारतात आणि पाहुणा आधी नाही म्हणतो. इथे ताट येतं, मग नाव विचारतात. आत्याचा गुरुवार, म्हणून तिच्यासाठी वेगळी डाळ आणि वांग्याची भाजी. मी वार पाळत नाही हे मी जाहीर केलं, तेव्हा माझ्या ताटात खिमा इतका पडला की तत्त्वाची किंमत कळली.

शुक्रवार : निजामपुरा

शुक्रवारी लूम बंद असतात. सकाळी गल्लीत कावळे ऐकू येत होते आणि लोक सवयीने तरीही ओरडतच होते.

चहाच्या वेळी रुखसानाभाभींनी आरशामागून एक कागद काढला. माझं पत्रक. मी आदल्या दिवशी दिलं होतं, त्यांनी जपून ठेवलं होतं. "बेटी, कार्ड तो बहुत अच्छा है," त्या जरा संकोचून म्हणाल्या, "लेकिन शादी की तारीख किधर लिखी है, मिली नहीं."

मी खुलासा करणार तोच सलीमभाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं. बोटांत वाकवलं. नखाने टिचकी मारली. उजेडाकडे धरलं. चहा अर्धा टाकून ते जिन्याने खाली धावले.

"टीचर! कागद मिला!"

मी मागोमाग धावले. "एक मिनिट! हे पत्रक आहे! विचार आहे हा! खासगी गाड्यांविरुद्धचा विचार तुम्ही खासगी गाडीच्या पोटात घालणार?"

"वाचायला कोणी घेत नाही," आत्या म्हणाली, "निदान वापरायला तरी घेऊ दे."



सलीमभाईंनी पत्रक त्या गोल झाकणावर ठेवलं आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने हलके ठोके मारत गेले. टक टक टक. जिथे लोखंडाची कड तिथे कागद आपोआप कापला जात होता, कात्री नाही, पेन्सिल नाही. 'एकच बूड' मधल्या भोकात गेलं. सोनेरी रेघ अर्धी राहिली. खालच्या कडीवर, जशीच्या तशी, माझी शेवटची ठळक ओळ उतरली : 'सहन करणार नाही.'

मी ग्रीसचं बोट फिरवून दोन्ही कड्या बसवल्या. सहाही नट समोरासमोरचे आळीपाळीने, दोन बोटांच्या जोराने. सलीमभाई बाहेर तळमळत होते. "ताई, थोडा और! इतना ढीला कोण ठेवतो?" आत्याने त्यांना हाताला धरून चहाकडे नेलं.

तेल पुन्हा ओतलं, इंजीन सुरू केलं. मी खाली रुखसानाभाभींचा पांढरा रुमाल पसरला आणि आम्ही सगळे उकिडवे बसलो, आत्या सोडून. एक थेंब नाही. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. पत्रक सहन करत नव्हतं.

निघण्याआधी आत्याने हवेचा फिल्टर उघडला. तो म्हणजे तळाशी तेल असलेलं एक डबडं, हवेतली धूळ त्या तेलाला चिकटते. आदल्या दिवशी लूमच्या दारात इंजीन चालवल्याने धुळीऐवजी आत कापसाचं तूस बसलं होतं. आत्याने चिमटीने पीळ देऊन त्याची लांब वात बाहेर काढली. "दिवा लावा," ती म्हणाली.

"म्हणजे फिल्टर आहे!" सलीमभाई ओरडले. "मी काल बोललो नव्हतो? फिल्टर आहे!" भुंगा वर चढताना बघायचाच म्हणून ते आमच्याबरोबर निघाले आणि मागच्या सीटवर आडवे बसले.

शुक्रवार दुपार : पडघा

भिवंडी मागे पडली, गोदामं विरळ झाली, भाताची खाचरं आली. हायवेवर भुंगा गोड गुणगुणत चालला. आत्या गिअर बदलल्यावरही त्यावर हात ठेवूनच राहत होती. हा भुंग्याचा शेवटचा रस्ता होता हे आम्हा दोघींना माहीत होतं. सलीमभाईंनाही ते कळलं असावं, कारण ते चक्क हळू आवाजात बोलले. "टीचर, इंजीन मस्त आहे. एकदम मस्त आहे."

दत्तूशेठ ढाब्याच्या दारात उभे होते. गळ्यात जाड साखळी, पायात रबरी चपला. "या बाय, या! आदी जेवा, मंग बाकीचा." तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. आमच्याकडे वाल सोलायला बसलं की तक्रारी सुरू होतात, इथे ते हसत हसत परातभर रांधलेले. जेवणाआधी मी वेटरांना पत्रकं वाटली. त्यांनी ती ताटाखाली ठेवली.

गच्चीवर लोखंडी स्टँड तयार होता, लाल रंग दिलेला. शेजारी बोगनवेलीच्या कुंड्या. खाली हायड्रा उभा होता, म्हणजे माल उचलायची ती पिवळी चालती क्रेन. हायड्रावाल्याने भुंग्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, "इंजीन काढून घेनार ना?"

"मंग काय? वजन कमी," दत्तूशेठ म्हणाले. "आनि त्या जागेत बोगनवेल."

आत्याचा घास हातातच राहिला. "इंजीन काढायचं ठरलं नव्हतं, शेठ. दर रविवारी सुरू करायचं ठरलं होतं."

"बाय, आता तुमीच सांगा. दर रविवारी शिडी लावून वर कोन जानार? मी? माझा पोट बघताव ना? आनि धूर सगला गिराइकाच्या ताटान."

ते खोटं बोलत नव्हते. आत्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली.

हायड्राने हात उचलला. पट्टे खाली आले. आणि अचानक हायड्राच्या नाकातून पांढऱ्या वाफेचा फवारा उडाला. सगळे मागे सरले. पाणी उकळून खाली सांडत होतं.

"पाण्याच्या गाडीचं हेच दुखणं," आत्या ताटावरूनच म्हणाली. शिक्षिका काही सुट्टीवर जात नाही.

सलीमभाई वाकले, बघून उठले. "वॉटर पंप का पॅकिंग गया." मग त्यांचे डोळे चमकले आणि माझ्या पिशवीवर येऊन थांबले. "ताई, एक पत्रिका दे."

दोन दिवस मी लोकांच्या मागे धावले होते. माझ्या हयातीत पहिल्यांदाच माणसं आपणहून हात पुढे करून माझं पत्रक मागत होती. सलीमभाई, हायड्रावाला, दत्तूशेठ, झाडून सगळे.

मी पिशवी छातीशी धरली. "नाही देणार."

"अगो, आल्याधरून माझ्या पोरांना धरून धरून देत व्हतीस ना?" दत्तूशेठ म्हणाले.

"संपली."

"पिशवी तर टच्च भरलेली हाय!"

"ती जनतेसाठी आहेत."

"मंग मी कोन? गोरा सायब?"

"क्रांती," आत्या उठून आली. "पोरकटपणा पुरे. दे त्यांना. मी शब्द दिलाय."

"तू चालवत आणून द्यायचा शब्द दिला होतास. तो पाळलास. इंजीन काढून द्यायचा शब्द कुठे दिला होतास?"

"एक खासगी गाडी रस्त्यावरून कमी होतेय. हेच छापलंस ना तू?"

"रस्ता मोकळा करा म्हटलंय मी! चालत्या यंत्राचं पोट फाडून त्यात बोगनवेल लावा, असं कुठे म्हटलंय?"

आत्या माझ्याजवळ आली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "मग पुढचं ऑइल कोण बदलणार? मला खाली जाता येत नाही गं. महिनोन्महिने उभी राहिली की इंजीन आतून धरतं, जाम होतं. ते मी बघायचं का?"

"मी बदलेन."

"एकदा बदललंस म्हणून सांगतेस."

"दर वेळी. जाळीसकट."

"आणि तुझी तत्त्वं?"

"तत्त्वांचं मी बघते. तू गाडीचं बोल."

आत्याने माझे हात हातात घेऊन उलटे केले. नखांत काळं होतं, आदल्या रात्री दोनदा साबण लावूनही न गेलेलं. ती ते बघत राहिली.

"टीचर," सलीमभाई हळूच म्हणाले, "पोरीचा हात हलका आहे. मी बघितलाय. ढीला ठेवते, पण गळत नाही."

आत्याने वळून ताटाशेजारची किल्ली उचलली.

दत्तूशेठ मटकन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. "आता ह्या स्टँडवर मी काय बसू? रंग दिलाय त्याला!"

"शेठ, आमच्या गल्लीत एक बंद रिक्षा आहे," सलीमभाई म्हणाले. "काळी-पिवळी, एकदम दुल्हन. तिचं इंजीन आधीच काढलेलं आहे. मीच काढलं."

शेठ थोडा वेळ रागातच होते. मग म्हणाले, "पन मना एक चक्कर मारून आना. शब्द मोडलाव ना?" आत्याने त्यांना शेजारी बसवून पडघ्याच्या बाजारातून फिरवून आणलं. परत आले तेव्हा ते लहान मुलासारखे हात बाहेर काढून ओळखीच्यांना हाका मारत होते.

आम्ही निघालो. सलीमभाई रिक्षाचा सौदा करायला मागे थांबले. आत्याने गिअर टाकला, तेव्हा मी खिडकीतून अख्खी पिशवी त्यांच्या हातात दिली. "घ्या. सगळी."

"आता हायड्राला चालतं?"

"हायड्रा सगळ्यांच्या कामाला जातो. त्याला माझा विरोध नाही."

परत येताना भिवंडी ओलांडायला आम्हाला तासही लागला नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शनिवार : घर

सकाळी मी पार्किंगमध्ये गेले. भुंग्याखाली फरशीवर एक काळा थेंब होता. एकच. मी धावत वर जाऊन आत्याला सांगितलं. तिने पेपर खाली ठेवला नाही. "म्हणजे आत तेल आहे," ती म्हणाली. "गळायचं थांबलं की काळजी कर."

सोसायटीने फळ्यावर पुन्हा सूचना लिहिली आहे. आता त्यात माझंही नाव आहे.

ज्याच्यासाठी मी पत्रकं लिहिते त्या आमच्या मंडळात विचारणा झाली : पत्रकं वाटली गेली का? मी म्हटलं, सगळी. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे टाळ्या पडल्या. दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं आहे. मजकुरात काय बदल करायचा यावर माझा स्वतःशी वाद चालू आहे आणि तो लवकर मिटेल असं दिसत नाही. छापखान्यात मात्र मी निरोप देऊन ठेवला आहे : कागद तोच हवा, जाड.